भावोजींचा पस्तीसवरचा काटा

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे तराजू उलटेपालटे केले. निवृत्त झाले, पण रुबाब काही उतरला नाही.

त्यांचा आवडता किस्सा एका पीठवाल्याचा. त्याच्या पारड्याखाली पीठ चिकटून घट्ट झालं होतं. "साहेब, मुद्दाम नाही केलं, पुसून देतो," बिचारा हात जोडत होता. "माप चुकलं म्हणजे चुकलं. जप्त!" हे 'जप्त' भावोजी अजून हात आपटून म्हणतात, तेही आम्ही जेवताना.

तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा स्वारी ताईच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे वळली. टाकीत एकच मासा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. अकरा वर्षं ताईच्या बोटांतून खातोय, तिचा जीव की प्राण. काचेवर तिने पेनाने रेघ मारली होती. पाणी उडून रेघेखाली गेलं की साधं पाणी ओतायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

"हा काय अंदाजपंचे कारभार!" म्हणत भावोजींनी प्लास्टिकची एक डबी आणली. तिच्यात टाकीतलं पाणी भरलं की आतला काटा उचलला जाऊन खारटपणाचा आकडा दाखवतो. पस्तीस हवा. डबीला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माप घ्यायचे, काय तो थाट! माप झालं की डबी तशीच ओली फळीवर. धुणं-बिणं माहीत नाही. काटा दर आठवड्याला थोडा खाली, की हे मीठ घालायला तयार.

महिन्याभरात मासा तळाशी जाऊन धापा टाकायला लागला. ताई पाण्यात बोटं धरून बसायची, तो वर येईना.

"अहो, पाणी फार खारट झालंय का?"

"काटा बरोब्बर पस्तीसवर आहे. तुला जास्त कळतं की यंत्राला?"

बरोब्बर म्हणे, डोंबल! माझ्याच्याने राहवेना. मी पाणी बाटलीत भरून मासेवाल्या दुकानदाराकडे नेलं. त्याने भिंगाच्या यंत्रावर थेंब टाकून उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "चाळीस. बाई, मासा पाळताय की खारवताय?"

घरी आले आणि सरळ डबी उचलली. भावोजी ओरडले, "हात लावू नका!" मी ऐकते होय? काट्यावर मिठाचा पांढरा थर वाळून बसला होता. एवढं ओझं घेऊन काटा वर येणार कसा? कोमट पाण्यात भिजवला, चोळून धुतला, पुन्हा टाकीतलं पाणी भरलं. काटा चाळीसवर.

भावोजींचा चेहरा उतरला. "अगं, मीठ चिकटलं होतं फक्त," ते ताईला म्हणाले. "मी काय मुद्दाम केलं?"

ताईने माझ्या हातातून डबी घेतली. सदतीस वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"पीठवालापण हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "जप्त."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग ताईने रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच साधं घालत आठवड्याभरात आकडा पस्तीसवर आणला. सहाव्या दिवशी मासा वर आला आणि त्याने तिच्या बोटांतून खाल्लं. भावोजी दारात उभे होते. "खाल्लं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"खाल्लं," ताई म्हणाली आणि डबी त्यांच्यापुढे धरली. "धुऊन आणा."

ते डबी घेऊन नळाकडे गेले.