धरणावरची डबल बेल

मी लेकीला परत आणायला गेलो होतो, पाहुणचार घ्यायला नव्हे. पाथर्डीतलं चांगलं स्थळ चालून आलं होतं आणि त्यांची एकच अट होती, मुलीनं ही होड्यांची नोकरी सोडायची. मलाही ते पटलं होतं. आमच्या गावाला टँकरनं पाणी येतं. तिथल्या पोरीनं धरणावर लोकांच्या होड्या सांभाळायच्या, हे काय भलतंच! लेक फोनवर एवढंच म्हणाली, दोन दिवस राहून बघा, मग बोला.

मुळा धरणाच्या काठावरचं ते रिसॉर्ट. नगर-पुण्याची हौशी मंडळी गाडीच्या टपावर आपापल्या होड्या बांधून येतात आणि दिवसभर पाण्यात असतात. मला पाण्यासमोरची खोली मिळाली. नळ सोडला की बदाबदा पाणी. सवयीनं मी अंघोळीचं पाणी टबात धरलं आणि बाहेरच्या झाडांना घातलं. खोली झाडायला आलेली बाई हसली. हसेना का!

जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. गाडी चहाला थांबली की माणसं मोजल्याशिवाय मी गाडी सोडायची डबल बेल दिली नाही. तेही नुसत्या नजरेनं नाही, एकेका सीटच्या दांडीला हात लावत. सुट्टीत लेक बरोबर यायची, तीही माझ्यामागनं तसाच हात लावत चालायची. ड्रायव्हर लई वैतागायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. लेकीनं शिट्टी मारून सगळ्यांना काठाला बोलावलं. होड्या लागल्या, मंडळी चहाकडं वळली. लेक मात्र एकेका होडीला हात लावत चालली. शेवटच्या होडीपाशी थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. एक साहेब म्हणाले, सगळे आलेत, उगाच कशाला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मोटरबोट काढली आणि गेली.

मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. साहेब शेजारी येऊन म्हणाले, एवढं काही नसतं हो. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"साहेब, गाडीतला एक मानूस मागं राह्यला, तर कंडक्टरला घास गिळत न्हाई."

बऱ्याच वेळानं बोट दिसली. मागं दोरीला एक छोटी होडी आणि तिच्यात भिजलेल्या एक बाई. त्यांचं वल्हं वाहून गेलं होतं, टेकाडाआड अडकल्या होत्या. बाईंना उतरवून लेकीनं होड्या परत मोजल्या, तेव्हा कुठं शिट्टी खिशात घातली.

मी विचारलं, हे मोजायचं कुणी शिकवलं?

"तुमीच की, आप्पा. दुसरं कोन?"

छाती फुगली. का लपवू?

संध्याकाळी मीच स्थळाकडच्यांना फोन लावला. नोकरी सुटायची नाही, पटत असेल तर बघा म्हटलं. पलीकडनं नकार आला. जाऊ द्या, त्यांचं नशीब.

सकाळी मी निघालो तेव्हा लेक रिसॉर्टच्या मोटरबोटीत पहिल्या फेरीची माणसं बसवत होती. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. मी धक्क्याच्या लोखंडी कठड्यावर खोलीच्या किल्लीनं दोनदा वाजवलं. बोट सुटली. मग किल्ली देऊन मी एकटाच गाडी धरायला निघालो.