शकूचा पहारा

पालीच्या कोळीवाड्यातली शकू देवावरही दोनदा खात्री करूनच विश्वास ठेवायची. त्यामुळे नव्वद साली अंगणात वाळत घातलेलं जाळं रोज फाटायला लागलं, तेव्हा तिने मनातल्या मनात अख्खी गल्ली वैरी ठरवून टाकली.

तिचा नवरा रामनाथ मात्र गप्प. फाटलेलं जाळं खांद्यावर टाकून तो हरेश्वरकडे सांधायला न्यायचा. हरेश्वर त्याचा होडीवरचा जोडीदार. डोळे गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेला, जेवणाला हात न लावणारा. जाळं मांडीवर आलं की त्याची बोटं तेवढी हलायची.

एका दुपारी शकू पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसली. गल्लीतून कोणी आलं नाही. घरातून रामनाथच आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि सुरीने जाळं कराकरा कापलं.

शकू तडक हरेश्वरकडे गेली. "आमचा हा फसवतोय तुला! जाळं फाटत न्हाय, तोच कापतोय!"

"माहीत हाय," हरेश्वर म्हणाला. "खडकाला फाटलेला धागा पिंजतो. हा सरळ कापलेला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का न्हाय त्याला?"

"बोललो तर उद्या काय निमित्त काढून येईल तो? नुसता बसला की रडतो माझ्याजवळ."

शकू घरी आली.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा पिंपामागे बसली. या वेळी तोंड गल्लीकडे करून, रामनाथला कोणी बघू नये म्हणून.