वरचं काही नाही

त्या गल्लीत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती टाचणीताई. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी मशीन, गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठांत टाचण्या. नवे कपडे ती शिवायची नाही. लोकांचे जुनेच बारीक-मोठे करून द्यायची. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट सैल, कुणाची चेन तुटलेली. तोंडात टाचण्या असल्यामुळे गिऱ्हाइकाशी तिचं बोलणं म्हणजे नुसतं 'हं' आणि 'अंहं'. कंबर मोजताना लोक पोट आत ओढून उभे राहायचे. ती टेप धरून मुकाट थांबायची. माणूस श्वास कोंडून कोंडून किती कोंडणार? शेवटी श्वास सुटे, पोट सुटे आणि खरं माप टेपवर येई. "टाचणीताईपुढे लबाडी चालत नाही," असं लोक हसत म्हणायचे. तिलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं, "फक्त अंगावरचं पाजायचं. पाणी नाही, वरचं दूध नाही, आणि इतक्यात ती रबराची चोखणीसुद्धा नाही. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध उतरेल. ते चोखणी चघळत बसलं की भुकेलं राहतं, आणि आपल्याला वाटतं, काय गुणाचं बाळ आहे!"

टाचणीताईने मान डोलावली. सासूने मात्र तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "आमच्या घरात असली थेरं चालायची नाहीत!"

सासू म्हणजे घंटाबाई. शाळेत शिपाई होती, उभा जन्म घंटा बडवण्यात गेला. नोकरी संपली, पण आवाज घंटेचाच राहिला. दवाखान्यातून घर येईपर्यंत निम्म्या रस्त्याला कळलं होतं की घंटाबाईची नात निव्वळ आईच्या अंगावर पिते.

पोरगी पीत होती, पण कधी थांबत नव्हती. खाली ठेवली की रड, उचलली की छातीत तोंड. त्यात शाळा उघडायचे दिवस जवळ आलेले. उंची वाढलेल्या पोरांचे गणवेश खोलीत ढिगाने येऊन पडले. एकदा पोस्टातले एक गृहस्थ पँटची लांबी कमी करून घ्यायला आले. एक पाय टाचून झाला, दुसरा धरला आणि आत पोरगीने टाहो फोडला. तिच्या आवाजासरशी टाचणीताईला पान्हा फुटला आणि कुडत्यावर ओला डाग पसरत गेला. ती टेपच्या टोकाने तो झाकायला लागली. गृहस्थ भले, ते छताकडे बघत म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मला काही घाई नाही," आणि घड्याळ बघितलं. एक पाय आखूड, एक पाय लांब, असे ते तिच्यासमोर उभे. तिला दे माय धरणी ठाय झालं.

त्याच दिवशी तिने नवऱ्याला औषधांच्या दुकानात पिटाळलं. नवरा विजेचे मीटर वाचायला घरोघर फिरायचा. स्वभावाने गरीब, बायको म्हणेल ती पूर्व. चोखणी आणून त्याने स्वतःच पोरीच्या तोंडात दिली. पोरगी गप्प. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा टाचण्या धरलेल्या बायकोकडे. "झालं! मायलेकींची तोंडं बंद. आता या घरात बोलायला आईच उरली."

"आईंना सांगू नका," टाचणीताई टाचण्यांमधून म्हणाली.

सांगायची गरजच पडली नाही. घंटाबाई भाजी आणायला, ओळखीपाळखीच्यांकडे टेकायला रोज बाहेर पडायची. परत येताना तिचा आवाज तिच्याआधी वळणावर पोचायचा, तेवढ्यात चोखणी बटणांच्या डब्यात जायची. घंटाबाई आत येऊन निजलेल्या नातीवर वाकायची. "बघा! अंगावरच्या दुधाचं पोर कसं तृप्त असतं. नाहीतर ती समोरच्यांची पोर, बाटलीची. दिवसभर किरकिर."

टाचणीताई म्हणायची, "हं."

गणवेशांचा ढीग उतरत गेला. पोरगी दुपारच्या दुपार मुकाट पडून राहायला लागली. शिवणात जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात. पोरीच्या झबल्यांत तिने भरपूर माया ठेवली होती. पोर बाळसं धरेल, लवकरच उसवावी लागेल, या हिशेबाने. ती उसवावी लागली नाहीच, उलट झबलं खांद्यावरून घसरायला लागलं. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर तिने उंबऱ्यातूनच ओळखलं असतं. इथे मात्र मनाशी म्हणाली, धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल.

मग वजनाचा दिवस आला. सासू-सून दोघी गेल्या. बाकांवर बायका आपापली बाळं घेऊन बसलेल्या. सिस्टरने पोरीला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे काय? वजन अजिबात वाढलेलं नाही. वरचं काही देता का?"

टाचणीताईने पिशवी जवळ ओढली. चोखणी पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली होती. पण वरचं म्हणजे वरचं दूध, वरचं पाणी. चोखणीतून पोटात काय जातं? काहीच नाही. तिला शब्दाची फट सापडली आणि ती त्यातून अलगद बाहेर पडली.

"वरचं काही नाही."

"नक्की?"

"वरचं काहीच नाही, सिस्टर."

सिस्टरने मोहरा सासूकडे वळवला. "मग आजीबाई, तुम्ही? सून कामात असते. तुम्ही हळूच पाण्याचं बोट, साखरेचं बोट?"

"मी?" घंटाबाई उडालीच. "शप्पथ! थेंब नाही दिला!"

"सगळ्या आज्या शपथा घेतात. वजनकाट्याला शपथ कळत नाही. अहो, एवढंसं पोट बाळाचं. पाण्याने भरलं तर दूध कुठे राहणार? कौतुक करा, पण जरा हात आवरा. पुढच्या आठवड्यापर्यंत वजन वाढलं नाही तर पावडरचं दूध लावावं लागेल."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. घंटाबाईने सुनेकडे पाहिलं. ही तरी सांगेल, आई तशा नाहीत, एवढीच त्या नजरेत आस होती. टाचणीताई पोरीला झबलं घालत होती. बंद सुटले होते, ते बांधायला तिने फार वेळ लावला.

घरी परतताना घंटाबाई एकाही बाईशी बोलली नाही. घरी आल्यावर सुनेने पोरीला तिच्या मांडीवर द्यायला पुढे केलं, तर तिने हात मागे घेतले. "नको बाई. उद्या म्हणाल, म्हातारीने काहीतरी पाजलं."

"आई, असं कोण म्हणतंय?"

"म्हणालीच की ती. सगळ्यांच्या देखत."

आतल्या खोलीत जाऊन टाचणीताईने ती चोखणी कात्रीने कापली, कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकली. त्यानंतर पोरगीने मागितलं की छातीला, मागायच्या आधीही छातीला. गिऱ्हाइकं एका पायाने उभी राहिली तर राहू दे. पहिले दोन दिवस पोरगी नुसती खेचायची, चिडायची. मग दूध भरून यायला लागलं. ओले लंगोट वाढले, दोरीवर जागा पुरेना. ती दोरीकडे बघे आणि तिला रडू येई. आनंदाचं की कशाचं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

घंटाबाई भिंतीला टेकून लंगोटांच्या घड्या घालायची. पोरगी जवळ पडलेली असली तरी हात लावायची नाही, लांबूनच टाळी वाजवायची. एका दुपारी ती अचानक म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की मशीन थांबवावं लागलं, "मी मागे तिचे ओठ पुसले होते गं. फडकं ओलं होतं. त्यातलं पाणी गेलं असेल का पोटात?"

टाचणीताईच्या ओठांत टाचण्या होत्या. काढायला क्षणभराचं काम. सासू वाट बघत होती.

"अंहं," टाचणीताई म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

तिने मनाला समजावलं की वजन वाढलं की सगळं आपोआप मिटेल. मग कशाला जुनं उकरायचं?

वजन वाढलं. छान वाढलं. सिस्टर खूश होऊन पोरीच्या गालाला बोट लावत म्हणाली, "वा! आणि आजीबाई, बघितलंत? हात आवरलात आणि फरक पडला की नाही?"

हे टाचणीताईच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. पोरगी जितकी भरली तितका म्हाताऱ्या बाईवरचा आळ पक्का झाला. आता तर काट्यानेच साक्ष दिली होती.

घंटाबाई खाली मान घालून म्हणाली, "हो बाई. चुकलंच असेल काहीतरी माझं."

"तुमचं काही चुकलं नाही!" टाचणीताई एवढ्या जोरात बोलली की एक बाळ दचकून रडायला लागलं. "सिस्टर, मी देत होते. चोखणी. दिवसभर द्यायचे, कामासाठी. यांना माहीतही नाही. यांनी पाण्याचा थेंब दिला नाही कधी."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. "अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही वरचं विचारलंत. मी म्हटलं, वरचं काही नाही." बोलता बोलताच ते किती हलकट आहे ते तिला ऐकू आलं.

"म्हणजे मला शब्दात पकडलंत होय?" सिस्टर म्हणाली. मग घंटाबाईकडे वळली. "आजी, मी तुम्हाला उगाच..."

"बोललात ते बोललात. तुम्हाला काय माहीत." घंटाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पोरीला काट्यावरून स्वतः उचललं. बाकावरच्या बायका आता सुनेकडे बघत होत्या. बघू दे. तिला वाटलं, अजून बघावं.

रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आई, चुकले मी. तुम्ही ओठांचं विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं."

घंटाबाई चालत राहिली. मागे न बघताच म्हणाली, "आठवडाभर मी हिला घेतलं नाही. लांबूनच टाळ्या वाजवत बसले, महारोगी असल्यासारखी. तो आठवडा कुठून आणून देणार आहेस मला?"

घंटाबाई पुढे, पिशवी घेऊन ती मागे. घंटाबाई बोलायला लागली होती, पण सगळं नातीशी. हा बघ कुत्रा. तो बघ सायकलवाला. ते बघ, किती उंच दिवे लावलेत. जन्मभराचा आवाज पुन्हा तसाच, रस्ताभर ऐकू जाणारा. त्यात सुनेच्या वाट्याला एक अक्षर नव्हतं.

अर्ध्या वाटेत पोरगी चुळबुळली, तोंड इकडेतिकडे फिरवून आजीच्या खांद्याला चोखायला लागली. घंटाबाई थांबली. तिने एका बंद दुकानाची पायरी हाताने झाडली आणि पोरीला सुनेपुढे धरलं. सुनेकडे मात्र पाहिलं नाही.

"घे. भूक लागलीय तिला."

टाचणीताई पायरीवर बसली. घंटाबाई रस्त्याकडे तोंड करून, पाठीने आडोसा धरून, पोरीचं पोट भरेपर्यंत समोर उभी राहिली.