सारोळ्याचं पाणी, वेल्ह्याची हवा

सकाळचे आठ वाजले की हनुमंत रेणुशांचे पाय वळवळायला लागत. एकतीस वर्षं त्यांनी धरणाच्या चौकीवर पाऊस मोजला होता. रोज साडेआठला कुंपणाचं फाटक उघडायचं, नरसाळ्याखालची बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा रेघेच्या पातळीला आणून आकडा घ्यायचा आणि फोनवरून कळवायचा. लग्न असो, मयत असो, अंगात ताप असो, आकडा चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, चौकीवर सौरपट्टीचं, आपोआप पाऊस मोजणारं यंत्र बसलं आणि साडेआठची वेळ रिकामी पडली. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत सगळे त्यांना नाना म्हणत. त्या वेळेला नाना अंगणात जात, आभाळ बघत, आत येत, पुन्हा बाहेर जात.

"आवं, एका जागी बसा की," त्यांची बायको बाळाबाई म्हणे. "गोमाशी लागल्यावानी काय चाललंय?"

यंदाच्या जूनमध्ये त्या वेळेला काम मिळालं. सून शिवानी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी सारोळ्याला माहेरी निघाली आणि पडवीतल्या नऊ कुंड्या सासऱ्यांच्या हवाली करून गेली. लग्नाआधी ती सारोळ्याजवळ हायवेच्या कडेच्या एका नर्सरीत कामाला होती. तिथूनच मार्चमध्ये तिनं ही झाडं आणली होती. स्नेक प्लांट, पीस लिली, झेडझेड, रबर, मनीप्लांट. सगळी घरात, सावलीला वाढणारी. उन्हाळाभर ती पडवीत अशी काही तरारली, की पाण्याला येणाऱ्या बायका थांबून पानांना हात लावून बघत, प्लास्टिकची तर नाहीत ना म्हणून.

जाताना तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून भिंतीला लावलं : दर तिसऱ्या दिवशी एक पेला. लिलीला एक दिवसाआड. आणि उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणाली, "मामा, ही जगली तर मी बी जगंन हितं."

सगळे हसले. नानांना हसू आलं नाही. आदल्या वर्षीचा पावसाळा हा शिवानीचा या घरातला पहिला. तिच्या लग्नातल्या शालूला बुरशी धरली, उशीला वास मारू लागला, आणि तिचा खोकला भाद्रपद सरेपर्यंत हटला नाही. नानांचा मुलगा सोमनाथ कापूरहोळला एका गॅरेजात मेकॅनिक आहे. त्यानं मेमध्येच बापाच्या कानावर घातलं होतं, "नाना, ती कापूरहोळला खोली बघा म्हनती. तान्ह्या लेकराला या वलीत कसं ठेवायचं, म्हनती. म्या अजून व्हय म्हनलो न्हाई." अजून, हा शब्द नानांच्या डोक्यात खुंटीसारखा रुतून बसला. नऊ कुंड्या जगवायच्या म्हणजे सून आणि नातवंड या घरात आणायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

पेला म्हणजे किती, ते त्यांनी आधी मोजून घेतलं. दोनशे मिलिलिटर. चौकीवरचं कड फुटलेलं जुनं मापाचं भांडं त्यांच्याकडं होतं, ते बाहेर निघालं. तिसऱ्या दिवशी, बरोबर साडेआठला, प्रत्येक कुंडीला दोनशे. लिलीला एक दिवसाआड. सरकारी माणूस, कागदावर आलं ते आलं.

जुलै लागला आणि डोंगर दिसेनासा झाला. पाऊस असा, की समोरच्या घराचा दिवाही लागला की विझला कळेना. पडवीत पाण्याचा थेंब येत नव्हता, पण हवाच भिजलेली होती. दोरीवरचं धोतर चार दिवस ओलंच. काड्यापेटी पेटेना. मीठ पाणी सोडू लागलं. अशा हवेत नाना तिसऱ्या दिवशी दोनशे मिलिलिटर घालत राहिले.

पहिली मान टाकली लिलीनं. सगळी पानं खाली लोंबली. तहानलं की झाड असंच दिसतं, म्हणून नानांनी तिला रोज पाणी सुरू केलं. मग झेडझेडच्या काड्या पिवळ्या पडल्या. कुंड्यांवर बारीक काळी चिलटं घोंघावू लागली. नाना दर तासाला पडवीत. वाकून बघायचं, पान उलटं करायचं, कुंडी उजेडाकडं सरकवायची, पुन्हा जागेवर आणायची. दुपारी डोळा लागेना. जेवताना मध्येच उठायचे.

"भात पिवळा पडला तर काय करताव?" बाळाबाई म्हणाली. तिचं उभं आयुष्य भातखाचरात गेलेलं. "युरिया टाकताव का न्हाई? टाका चिमूट चिमूट."

नानांनी टाकला. भात पाण्यातच उभा असतो आणि ही झाडं पाण्यात मरतात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मोबाईलला रेंज मिळायची ती देवळामागच्या चढावर. नाना छत्री घेऊन चढले. तिकडून शिवानीचा आवाज आला, "मामा, पानी चुकवू नका हां! हितं आठ दिवस झालं टिपूस न्हाई. नुसतं वारं सुटलंय. नर्सरीवाले रोज पायपानं पानी मारत्यात. झाडं बरी हायेत न्हवं?"

छत्रीवर पाऊस एवढा वाजत होता, की त्यांनी मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बरी हायेत!"

खोटं बोलून ते उतरले, तेव्हा पाय आणखीच अस्वस्थ झाले होते. चिखलात दोनदा घसरले. घरी येऊन त्यांनी सगळ्या कुंड्यांना, दिवस नसताना, पाणी घातलं.

दोन दिवसांनी एका स्नेक प्लांटचं उभं पान त्यांनी सहज पुसायला धरलं, तर ते मुळापासून हातातच आलं. बुडाशी मऊ, पिचपिचीत, सडक्या कांद्याचा वास. नानांनी कुंडी उलटी केली. माती शेणासारखी थपकन पडली. मुळं नव्हतीच, तपकिरी दोरे होते, चिमटीत धरले की साल निसटत होती.

ते तिथंच पायरीवर बसले. सारोळ्याला टिपूस नाही. हे वाक्य ऐकून आपल्याला काहीच कसं उमगलं नाही? एकतीस वर्षं वायरलेसवर आणि मग फोनवर सगळ्या ठिकाणांचे आकडे त्यांच्यासमोर वाचले जात. इथं एकशे चाळीस मिलिमीटर, तेव्हा भोरला तीस आणि सारोळ्याला चार. एसटीनं दोन-अडीच तासांचं अंतर, आणि पाऊस पस्तीसपट. शाळेची पोरं चौकीवर यायची तेव्हा हेच तर ते फळ्यावर लिहून दाखवत. आणि आज सारोळ्याच्या हवेचा कागद त्यांनी वेल्ह्याच्या हवेला लावला होता.

"मीच मारली," ते बाळाबाईला म्हणाले.

"म्या बी युरिया सांगितला न्हवं," ती म्हणाली. "निम्मं पाप माझं. आता बसून ऱ्हाताव का काय करताव?"

त्या दिवशी घरात भाकरी उशिरा झाली. बाळाबाईनं चुलीवर लोखंडी पाटी ठेवून माती भाजली, जशी ती वांग्याच्या रोपांसाठी भाजायची, आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख कालवली. नानांनी कुजलेली मुळं कात्रीनं कापून, युरियाची माती झटकून, झाडं कोरड्या मातीत लावली. लिली, झेडझेड आणि तो स्नेक प्लांट गेलेच होते. सहा उरली.

आता पाणी द्यायचं नाही. हेच सगळ्यांत अवघड. साडेआठ वाजत आणि हात भांड्याकडं जाई. वरून माती कोरडी दिसे, बोट घातलं की ओली लागे. पण सारखं बोट घालून मुळं दुखावतील म्हणून तेही नको. चौथ्या दिवशी त्यांना सुचलं. इतकी वर्षं आपण आलेलं पाणी मोजलं. इथं गेलेलं पाणी मोजायला हवं.

सोमनाथनं कोंबड्या तोलायला आणलेला बॅटरीवरचा लटकता काटा घरात होता. बाळाबाईचं दही टांगायचं जुनं शिंकं त्यांनी काट्याच्या हुकाला अडकवलं आणि त्यात मनीप्लांटची कुंडी बसवली. दोन किलो सहाशे चाळीस. दुसऱ्या दिवशी साडेआठला दोन किलो सहाशे पंचवीस. चोवीस तासांत पंधरा ग्रॅम. दोनशे मिलिलिटर वाळायला जिथं तेरा-चौदा दिवस लागणार, तिथं ते तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे ओतत आले होते.

मग त्यांना नादच लागला. तीच कुंडी तीन दिवस माजघरात ठेवली : दिवसाला पंचवीस. शिवानी आणि सोमनाथच्या खोलीत, डोंगराकडच्या भिंतीशी ठेवली : पाच. काटा बिघडला असेल म्हणून बॅटरी बदलून पुन्हा तोलली. पाचच. त्या खोलीत नाना बराच वेळ उभे राहिले. भिंतीला हात लावला तर तळवा ओला झाला. सून वर्षभर इथं झोपत होती, खोकत होती, आणि घरातलं कोणीही, पाऊस मोजणाऱ्यासकट, या खोलीतली हवा मोजायला गेलं नव्हतं.

"आता सैपाकघराशेजारी ठेवून बघा की," बाळाबाई म्हणाली.

सैपाकघराशेजारची चिंचोळी खोली नानांचीच. मधल्या भिंतीला चूल. नानांची छाती थंडीत भरून यायची, म्हणून पाच-सहा वर्षांपासून त्यांची खाट तिथं होती. तीन दिवस तोललं : ऐंशी, पंच्याऐंशी, ऐंशी.

नानांनी काटा खाली ठेवला. सहाही कुंड्या त्यांनी त्या खोलीच्या खिडकीशी नेल्या. आणि त्या रात्रीपासून स्वतःच्या अंथरुणावर त्यांना चोरासारखं वाटू लागलं.

ऑगस्टच्या मध्याला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. सोमनाथनं निघताना सांगितलं, "कापूरहोळची खोली रिकामी झालीया, नाना. दसऱ्यापातुर सांगायचंय मालकाला."  एसटीत त्यांनी तीन वेळा जागा बदलली.

सारोळ्याला उतरले तर डोळे दिपले. लख्ख ऊन, हायवेची धूळ, आणि तारेवर बाळाची दुपटी कडकडीत वाळलेली. शिवानीच्या माहेरच्या दारात एक कुंडी होती. नानांचं बोट आपोआप मातीत गेलं. वरपासून खालपर्यंत कोरडी.

पाळण्यात नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, तेव्हा ते शिवानीच्या खाटेशी आले.

"पोरी, म्या खोटं बोललो. लिली गेली, झेडझेड गेलं, एक स्नेक प्लांट गेलं. लई पानी झालं. युरिया बी टाकला."

शिवानीनं डोळे मोठे केले. "युरिया? मामा, ते काय भात हाय?"

"तुझ्या सासूला इचार," नाना म्हणाले. पलीकडून बाळाबाई म्हणाली, "घ्या, निम्मं म्हनलं होतं, आता सगळंच माझ्या गळ्यात!"

शिवानी हसली. "चूक माझीबी हाय. म्या उन्हाळ्याच्या हिशोबानं लिहिलेलं. पावसाळ्यात काय करायचं, मलाच म्हाईत न्हवतं." बाळाच्या अंगावरचं दुपटं तिनं सारखं केलं. "मंग सहा कशी जगली?"

नानांनी शिंकं, काटा, सगळं सांगितलं. पडवी पंधरा, माजघर पंचवीस. तिच्या खोलीचा आकडा सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "पाच, पोरी. नुसतं पाच. तुझा खोकला काय नाटक न्हवता." मग म्हणाले, "चुलीकडच्या खोलीत ऐंशी. ती तुझी आन बाळाची."

"ती तुमची हाय."

"होती."

"आन तुमी कुठं निजनार?"

"पडवीत."

"पडवीत पंधरा म्हनला न्हवं आत्ता?" शिवानीचा आवाज चढला. "तुमची छाती काय रबराच्या झाडाची हाय व्हय? माजघरात निजा. न्हाईतर म्या येत न्हाई."

नानांना शब्द नीट ऐकू आले की नाही, त्यांनाच कळेना. "म्हंजी, येतीस?"

 बाहेर ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. सोमनाथ दाराशी येऊन उभा होता. "दसऱ्यानंतर येते," ती शेवटी म्हणाली. "हिचा खोकला निघाला तर मात्र त्याच दिवशी कापूरहोळ. तवा मला अडवायचं न्हाई, मामा. आन पुढच्या आखाडाचं आखाडात बघू."

सोमनाथनं मालकाला त्याच संध्याकाळी नको म्हणून फोन केला.

परतीच्या एसटीत बाळाबाई झोपली. नाना मात्र हायवे सुटेपर्यंत बोटांवर मोजत होते. आश्विन ते ज्येष्ठ. मधे अधिक महिना नाही. नऊ महिने मिळाले. कायमचं काही मिळालं नव्हतं. डोंगराकडची भिंत, पत्र्याची पन्हळ, चुलीचा धूर जायला मोठं धुराडं. नऊ महिन्यांत काय काय उरकेल? घाट लागला आणि खिडकीतून पुन्हा तोच पाऊस आत येऊ लागला.

घरी पोचल्यावर त्यांनी पायसुद्धा पुसले नाहीत. चुलीकडच्या खोलीत शिरून खाटेचा एक पाय धरला आणि ओढायला लागले.

"आवं, आत्ता?" बाळाबाई पिशवी हातातच घेऊन उभी राहिली. "दसऱ्याला महिना-सव्वा महिना हाय अजून!"

"खाटंमागच्या भिंतीला सा वर्सं वारं लागलं न्हाई," नाना धापा टाकत म्हणाले. "ती वाळायला येवढं लागंलच. धर त्या बाजूनं."