पंपाची लाल चिंधी

गाडी धुवायची कशी, यावरून माझं आणि वडिलांचं, म्हणजे आबांचं, कधीच जमलं नाही. मी कळसाडीला घरी गेलो की आबा बादली भरायचे, नारळाची शेंडी ओली करायचे आणि पोळ्याला बैल घासावा तशी माझी पांढरी गाडी खसाखसा घासायचे. बॉनेटवर चरे उठायचे. मी ओरडायचो, "आबा, गाडी शे ही, बैल नही!" ते म्हणायचे, "मंग धूळ काय फुक मारीसन जाई का?"

नंदुरबारला माझे शेजारी कोरड्या फडक्यानं गाडी पुसतात, तेही चूकच. धूळ म्हणजे बारीक वाळू. आधी ती पाण्याच्या जोरानं सुटायला हवी, मग फेस, मग मऊ कापड. हे सगळं मी मोबाइलवर बघून शिकलो होतो आणि तोऱ्यात सगळ्यांना ऐकवायचो.

त्या रविवारी आबा शेतात गेले होते. बायकोला ड्युटी होती, म्हणून पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी एकटाच आलो होतो. नळाच्या पाण्याला काही जोर नव्हता. गोठ्याच्या भिंतीला फवारणीचे दोन बॅटरी पंप टांगलेले दिसले. म्हटलं, वा रे वा, वॉशिंग सेंटर घरातच आहे की! हाताला आला तो पंप काढला. त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली होती. सोडून बघितली तर मऊ सुती कापड. आरसे पुसायला बरी पडेल म्हणून खांद्यावर टाकली. टाकीत पाणी ओतलं, शॅम्पू ओतला आणि बटण दाबलं.

फेस काय सुटला! लेक टाळ्या पिटत फवाऱ्याखाली शिरली. मान वर, तोंड उघडं. "पप्पा, माझ्यावर पण!" आणि मी गाढवानं तिच्यावर नळी धरली. दोघंही हसत होतो.

तेवढ्यात आबा फाटकातून आत आले. त्यांनी पंपाकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे.

"चिंधी कोनी सोडी?"

मी बटण बंद केलं, आणि मग आठवलं. आमच्या घरात लाल चिंधी म्हणजे विषाचा पंप, कपाशीच्या फवारणीचा. बिनचिंधीचा पंप खताचा. आबांना बाटलीवरचं वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ही खूण ठेवलेली. लहानपणी ती चिंधी मीच बांधायचो. पुढे शिकलो, नोकरीला लागलो, आणि सरळ विसरून गेलो.

"तिन्हा तोंडमा गयं का?" आबांचा आवाज फाटला होता. लेकच म्हणाली, "कडू होतं."

आबांनी तिचे कपडे ओरबाडून काढले, साबण लावून बादल्यांवर बादल्या ओतल्या. मी चावी घेऊन धावलो तर ते किंचाळले, "त्या गाडीले हात नको लावू!" शेजाऱ्याच्या पिकअपमधून शहाद्याच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत तिला एक उलटी झाली आणि ती गप्प पडली. आबा तिला मांडीवर हलवत होते, "बोल माय, बोल." मी नुसता तिच्या छातीकडे बघत होतो. श्वास वर गेला की खाली येईपर्यंत माझा जीव अडकायचा. कानबाई, एवढ्या डाव सांभाळ, एवढाच देवीचा धावा तोंडातून निघत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं?" मी, घरातला शिकलेला माणूस, काय सांगणार? आबांनी निघताना गोठ्यातून उचललेली बाटली खिशातून काढून पुढे केली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, टॉर्च लावून लेकीच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि म्हणाले, "उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

बायकोला फोन करायची छाती होईना. शेवटी केला. ती रडली नाही की ओरडली नाही. "येते," एवढंच म्हणाली, आणि त्यानं मी जास्तच घाबरलो. लेक मधूनच जागी व्हायची. आबा तिच्याशी हळू आवाजात चिंधीचंच बोलत बसले होते. रात्री बायको आली आणि लेकीच्या उशाशी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बिस्कीट मागितलं, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडलो. आबा गुरांसाठी एसटीनं पुढे गेले. दुपारी डॉक्टरांनी सोडलं, तसे आम्ही तिघं कळसाडीला आलो.

अंगणात गाडी होती तशीच उभी होती. फेस वाळून पांढरे ओघळ उठले होते. दरवाज्याच्या हँडलला आबांनी लाल चिंधी बांधली होती, दोन गाठी मारून. माझी पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला मी हात पुढे केला, तर लेकीनं माझी बोटं घट्ट धरून मागे ओढली.

"पप्पा, हात नको लावू. चिंधी दिसत नाही का तुला?"