दाजींना धरायला धोंड्याचं जेवण

गेल्या अधिक महिन्यात आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सलग दुसऱ्या तारखेला केजच्या कोर्टात गेले नाहीत. वॉरंट निघालं. त्यांचा जामीनदार मी होतो. पुढच्या तारखेला ते हजर झाले नाहीत, तर जामिनापोटी दाखवलेलं माझं दोन एकर रान अडकणार होतं.

गुन्हा किरकोळ होता. मित्राच्या वरातीत दाजींनी ट्रॅक्टर नाचवला आणि तो मंडपात शिरला. (मंडप दुसऱ्याच लग्नाचा होता.)

त्यांचा फोन बंद. धारूरच्या पलीकडं त्यांच्या गावी गेलो, तर ते परळीला गेलेले. परळीला गेलो, तर नुकतेच धारूरच्या जीपमध्ये बसलेले.

धाकट्या भावानं, संतोषनं, मोबाइलवर शोध घेतला. अमेरिकेत जामिनावरून पळालेल्यांना धरून आणणारी माणसं असतात म्हणे, आणि बऱ्याच राज्यांत त्यांना लायसन लागतं. वय भरलेलं हवं, प्रशिक्षण हवं, परीक्षा पास हवी, नावावर गुन्हा नको. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दादा, वय सोडलं तर तुमचं काईच जमत न्हाई."

"माझ्यावर गुन्हा कुठं हाय?"

"अजून दाजी कुठं घावलेत?"

वकिलांनीही तेच सांगितलं. आपल्याकडं असलं लायसन मिळत नाही, आणि दाजींना ओढून आणलं तर केस माझ्यावर होईल. आणायचं ते राजीखुशीनं.

राजीखुशीचं आईनं मनावर घेतलं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालून आहेर करतात. तिनं बहिणीकडं निरोप धाडला : जेवण, कपडे आणि सोन्याची अंगठी. पोलिसांना आणि मला न सापडलेले दाजी तारखेच्या आदल्या दिवशी स्वतःहून दारात उभे राहिले. (धोंडे अजून तळायचे होते!)

रिवाजाप्रमाणे त्यांचे पाय मी धुतले. इतके दिवस पळणारे पाय हाती आले ते असे. रात्री खबरदारी म्हणून मी पुढच्या दाराला आडवी खाट टाकून झोपलो.

सकाळी आंघोळ करून आलो, तर दाजींचं अंथरूण रिकामं आणि मागचं दार उघडं. कोणाला काही न विचारता मी मोटारसायकल धारूरकडं सोडली. घाटात प्रत्येक जीप थांबवून आत डोकावलो. मला आरटीओचा माणूस समजून एका जीपच्या टपावरून तिघं उतरले आणि रानात पळाले.

दाजींच्या गावी बहीण अंगण झाडत होती.

"तू हितं कावून? ते तर तुमच्याकडं गेलते."

तेवढ्यात आईचा फोन आला. अंगठी तारीख करून आल्यावरच मिळेल, असं तिनं दाजींना पहाटेच सांगितलं होतं. ते कोर्टातच गेले होते. मागच्या दारानं का, तर पुढच्या दाराला माझी खाट आडवी होती.

मी केजला पोचलो, तेव्हा काम आटोपलं होतं. दाजी नव्या टोपी-टॉवेलात कोर्टाबाहेर चहा पीत होते. आत काय झालं, ते वकिलांनी सांगितलं. वॉरंट रद्द झालं. न्यायाधीशांनी जामीनदार कुठं आहे, असं विचारलं. तेव्हा दाजी हात जोडून म्हणाले, "सकाळपासून ठावठिकाणा न्हाई, साहेब. पण मी आणतो त्याला."

पुढच्या तारखेला मला हजर करण्याची जबाबदारी दाजींवर आहे.