रेल्वे लाइनीतली चाची आणि माझी सुमनआत्या

माझे आजोबा संपफोडे होते.

आज सकाळी सुमनआत्या गेली, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, अकोला स्टेशनमागे रेल्वे कामगारांच्या लाइनीत वाढली. इंग्रजांच्या वेळचे, सीपी अँड बेरारचे दिवस. एकेका खोलीचं क्वार्टर, सगळ्यांत मिळून एक नळ.

आजोबा सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलायचे. शेजारी रहीमचाचा, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन.
कोणाचंही पोर कोणाच्याही घरी जेवायचं.

मग संप झाला. सगळी लाइन घरी बसली.
आजोबा एकटे ड्युटीवर गेले.

त्या दिवसापासून कोणी बोलेना. आजी नळावर गेली की बाया अर्धी घागर उचलून निघून जायच्या. आजीचे दिवस भरत आले होते.

एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. आजोबा कामावर. आत्या दारोदार फिरली. एकही दार उघडलं नाही. रहीमचाचांकडे जायची तर तिची हिंमतच झाली नाही, संपात सगळ्यांत पुढे तेच होते.

त्यांची बायको आपणहून आली.
"पानी गरम कर, बेटी."

माझे बाबा तिच्या हातांवर जन्मले.

संप मोडला. रहीमचाचांची नोकरी गेली, क्वार्टरही खाली करायला लावलं. बैलगाडीत सामान चढत होतं आणि आजोबा आतून कडी लावून बसले होते.
आत्या खिडकीतून बघत होती. चाची बाळाला बघायला दारापर्यंत आली. थांबली. परत गेली.

ते कुठे गेले? कोणी म्हणे बडनेरा, कोणी म्हणे भुसावळ.

मागे एकदा मी आत्याला विचारलं, "आजोबा काहून गेले होते ड्युटीवर?"

"तुया आजीसाठी गेले असतीन. नाई तं भेले असतीन. मले नाई समजलं."

"आणि चाची काहून आली?"

"थे बी नाई समजलं रे."

"लाइनीतल्या लोकांचा राग नाही येत?"

"राग काहून? आपलेच होते ना थे."

दारं बंद करणारे आपले कसे, मला खरंच कळत नाही.

आज घाटावर कोणीतरी म्हणालं, "तुमच्या आजोबांनी कधी ड्युटी चुकवली नाही." मी मान हलवली.

बाबांना हे माहीत होतं का? तेही आता नाहीत.

आणि जिच्यामुळे ते जगात आले, तिचं नाव मला माहीत नाही. आत्यालाही नव्हतं. ती नुसतं चाची म्हणायची.

आत्या, नीट जा.
ती भेटली तर या वेळी नाव विचारून घे.